वरच्या घरातली पावलं

आमच्या स्वयंपाकघराचं छत चौथ्यांदा गळलं, तेव्हा कलावतीने विमा कंपनीला जे पत्र लिहिलं त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत बाई होती ती, त्यातली शेवटची आठ मुख्याध्यापिका. ‘वरच्या मजल्यावरील रहिवासी श्रीमती रजनी गुंडेटी यांच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे’ अशी सुरुवात करून तिने दोन पानं भरली, खाली सही ठोकली आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"फक्कड," मी म्हणालो आणि नजर चुकवली.

कारण वरचा नळ तीच उघडून आली होती. मीच वर जाऊन तो बंद केला, फरशी पुसली, रजनीची कळशी जागेवर ठेवली, ओली विजार बदलली आणि कलावतीसमोर येऊन बसलो. तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

आता सरळ सांगतो, आडपडदा नको. मी मल्लिनाथ बिराजदार. सोलापुरात पाणीखात्यात बत्तीस वर्षं चावीवाला होतो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी फिरवायची आणि त्या भागाला पाणी सोडायचं, हे माझं काम. त्या काळी पाणी पाचव्या दिवशी यायचं, कधी सहाव्या. नेम नसायचा, म्हणून घरोघरी नळ उघडा टाकून खाली घागर ठेवायची पद्धत होती. नळातून हवा फुसफुसली की बाया हातातलं टाकून धावायच्या. शेजारीण कामावर गेली असली तर तिच्या घराची चावी आपल्याकडे असायची. आधी तिचं भरायचं, मग आपलं. त्यात उपकाराची भाषा नव्हती. कलावती सकाळची शाळा करून घरी यायची आणि दुपारी दोनच्या सुमाराला तीन घरांचं पाणी भरायची. दोनलाच, कारण आमच्या गल्लीची चावी मीच फिरवत होतो.

आता चोवीस तास पाणी आहे. हे कलावतीला सकाळी ठाऊक असतं. दुपारी नसतं.

सकाळी ती पेपरातल्या चुकांवर लाल खुणा करते, भाजीवाल्याचा हिशेब तोंडी करते आणि मला चार शब्द ऐकवते. दुपारी डोळा लागून उठली की तिचं घर बदलतं, साल बदलतं. "पाणी आलंय वाटतं," म्हणते, खिळ्यावरची रजनीची चावी काढते आणि वर जाते. पोरगी डायलिसिस सेंटरला कामाला, संध्याकाळी सातला येते. मग हिला वाटतं, दमून येईल बिचारी, तिचं भरून ठेवावं. सिंकमध्ये कळशी ठेवते, नळ पूर्ण सोडते आणि आपलं भरायला खाली येते. खाली आली की वरचं संपलं. कळशीच्या बुडाने सिंकचं भोक झाकलेलं असतं. पाणी ओट्यावरून फरशीवर आणि फरशीतून आमच्या डोक्यावर. मग हीच छताकडे बघून ओरडते, "अहो, बघा त्या बयेने पुन्हा काय करून ठेवलंय!"

चावी लपवली नाही का, असं विचाराल. लपवली की! ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवली. तिसऱ्या दिवशी तिने हात कोपरापर्यंत पांढरे करून ती शोधली आणि मलाच झापलं, "लोकांच्या वस्तू नीट ठेवायला शिका." मग मी दुपारी झोपायचं सोडलं. पण एकाहत्तराव्या वर्षी डोळे कुणाचं ऐकतात?

खरं बोलून मोकळं व्हायला काय झालं होतं? तेच सांगतो.

आमच्या इमारतीचा विमा सामूहिक आहे. हल्ली सगळ्यांचाच तसा असतो, त्याशिवाय राहण्याचा दाखला मिळत नाही. त्यात एक कलम आहे. एखाद्या घरात विसराळूपणाचा आजार असलेला माणूस असेल, तर त्याला लाल वर्गात टाकतात आणि आठ दिवसांत कंपनीच्या निगाकेंद्रात हलवतात. नव्वद दिवस तिथे ठेवतात आणि मग मोठे डॉक्टर तपासतात. ज्याला माहीत होतं आणि ज्याने सांगितलं नाही, त्याचाही विमा जातो. दुसऱ्या मजल्यावरच्या हंचाटे आजींना मागच्या वर्षी असंच नेलं. नेताना त्या मोगऱ्याच्या कुंडीला पाणी घालत होत्या. नव्वद दिवसांनी घरचे भेटले तेव्हा त्या जेवायचंसुद्धा विसरल्या होत्या. आपल्या माणसात होत्या तोवर निदान कुंडी आठवत होती.

आम्हाला मूलबाळ नाही. कलावतीला नेलं तर तिथे तिला कलावती म्हणणारं कोण? म्हणून मी गप्प होतो. रजनीलाही सांगितलं नाही, कारण सांगितलं की तीही अडकणार.

पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी कंपनीचे सर्व्हेअर आले. बागवान नाव त्यांचं, चाळिशीचे, बोलायला मऊ. वरचे सगळे पाइप तपासले. कुठे थेंब नाही. रजनी दारात उभी होती, डोळ्यांत पाणी.

"साहेब, मी घरात नसते तेव्हाच कसं गळतं हो? यांच्या तक्रारींनी माझ्या नावावर कंपनीचे धोक्याचे शेरे वाढलेत. अजून एक बसला तर मला घर सोडावं लागेल."

"निष्काळजीपणाला शेरा हेच औषध," कलावती फाडकन म्हणाली. रजनीने मान खाली घातली. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

बागवान म्हणाले, "आजी, चार तक्रारी झाल्या की नियमाप्रमाणे पावलं उघडतो आम्ही."

"पावलं?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीच्या कडेला बोट लावलं. दोन वर्षांपूर्वी विमा उतरवला तेव्हा कंपनीने सगळ्या मजल्यांच्या फरशीखालून काचेचा धागा फिरवला होता, केसाएवढा. त्यात एका टोकाने प्रकाशाचे ठोके सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी थोडा प्रकाश जागोजाग आदळून मागे येतो. धाग्यावरचं वेष्टण ओलाव्याने फुगलं की मागे येणारा प्रकाश बदलतो, आणि तो किती वेळाने आला यावरून ओल कुठे आहे ते वीतभर अंतरापर्यंत कळतं. एवढं मला माहीत होतं. मी स्वतः जमिनीला सळई टेकवून, तिला कान लावून, पुरलेल्या पाइपाची गळती शोधलेला माणूस. धाग्याचं मला कौतुकच होतं.

"पण काका, धागा फक्त ओलीने बदलत नाही," बागवान म्हणाले. "कुणी वरून चाललं तर हलतो. टाच कशी पडते, वजन किती, दोन पावलांत अंतर किती, हे सगळं त्या प्रकाशात उतरतं. अंगठ्याचा ठसा असतो तशीच चाल असते. कोण कुठे गेलं, सगळं दिसतं."

"म्हणजे आमचं चालणं रात्रंदिवस बघता तुम्ही?"

"बघत नाही. साठवतो. कायद्याने मागची तीस दिवसांचीच पावलं ठेवता येतात. वाद झाला तरच उघडायची. चालीचा सरासरी आकडा मात्र पहिल्या दिवसापासून ठेवतो." त्यांनी आवाज खाली आणला. "स्मृती जायच्या आधी चाल बिघडते, काका. डॉक्टरांच्या कितीतरी आधी धाग्याला कळतं. खरं सांगायचं तर कंपनीला पाण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती."

कलावतीने टाळी वाजवली. "अगदी उत्तम! उघडा. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे."

सुनावणी बरोबर तीस दिवसांनी ठरली, आणि पावलं त्याच दिवशी उघडणार होती. बागवान गेले आणि मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मग डोकं चाललं. पावलं तीसच दिवस टिकतात. म्हणजे सुनावणीच्या दिवशी तिची जुनी पावलं पुसलेली असणार. तीस दिवस तिला वर जाऊ दिलं नाही की सुटलो! पण मग वर कुणाचीच पावलं दिसली नाहीत, तर दोष सरळ रजनीवर, आणि ती पोर रस्त्यावर. माझ्या बायकोच्या चांगुलपणापायी तिचं घर जावं हे मला पटेना. मग वर कुणाची तरी पावलं हवीत. माझी का नकोत? मी धडधाकट माणूस. नळ उघडा राहिला, चूक झाली, माफी मागतो, नुकसान भरतो. फार तर शेरा बसेल. बसू दे.

म्हणून दर पाचव्या दिवशी दुपारी मी वर जायला लागलो. सिंकमध्ये कळशी ठेवून नळ सोडायचो, दहा मिनिटं पाणी वाहू द्यायचो, बंद करून पुसायचो. ज्याने आयुष्यभर थेंब थेंब जपला त्याने हे केलं. माझ्याच छताला पोपडे आणले मी. आणि खाली कलावती तारीख-वेळ टिपून ठेवायची. "अजून एक पुरावा!" म्हणायची, इतकी खूश.

अकराव्या दिवशी घात झाला. रात्री तिला झोप नव्हती म्हणून मलाही नव्हती, आणि दुपारी खुर्चीतच माझा डोळा लागला. जागा झालो तर खिळ्यावर चावी नाही. धावत वर गेलो. ती रजनीच्या ओट्यापाशी पदर खोचून उभी होती, नळ धो धो.

"तुम्ही का आलात?" ती हसून म्हणाली. "खालचं बघा की. पाणी जाईल."

काय गोड दिसत होती तेव्हा! तीस वर्षांनी लहान. मला रडू कोसळलं. तिला हाताला धरून खाली आणलं, पण तिची पावलं तिथे उमटली होती. ती काही पुसता येत नव्हती.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की तिची पावलं माझी करायची. कलावती डावा पाय जरा ओढते, पावलं आखूड टाकते आणि चार पावलांनी क्षणभर थांबते. मी तसं चालायला लागलो. घरात, जिन्यात, वर रजनीच्या फरशीवर, सगळीकडे. यंत्राचा गोंधळ उडावा, त्या एका फेरीची पावलंही त्याने माझ्याच नावावर मांडावीत, एवढाच हेतू.

"पाय का ओढताय हो?" कलावतीने विचारलं.

"गुडघा धरलाय."

"तेल लावा. आणि ताठ चाला, म्हातारे दिसता."

सुनावणीच्या आदल्या दिवशी जिन्यात रजनी भेटली. माझ्याकडे, माझ्या पायांकडे बघत राहिली. मला राहवेना.

"पोरी, तुला एक सांगायचंय. वर पाणी..."

तिने चटकन माझा हात दाबला. "काका, बोलू नका. तुम्ही सांगितलंत तर मला कळवावं लागेल. माझी कळशी दर वेळी वेगळ्या बाजूला तोंड करून असते, एवढंच मला माहीत आहे. त्याच्या पुढचं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही."

"तू कुलूप तरी बदल."

"कुलूप बदलून काय होणार, काका? आज नळ राहतो. खाली तुमच्याकडे गॅस आहे."

ती वर निघून गेली. मी कठडा धरून तिथेच उभा राहिलो.

सुनावणी सकाळी अकराला, सोसायटीच्या कार्यालयात. बागवान, रजनी, आम्ही दोघं. कलावतीने इस्त्रीची साडी नेसली होती, मांडीवर फाइल. भिंतीवरच्या पडद्यावर रजनीच्या घराचा नकाशा आला आणि तिची वगळून बाकीची पावलं त्यावर उमटत गेली. निळी पावलं सहा वेळा आली, ओट्यापर्यंत गेली, परतली. हिरवी एकदाच. सहाही वेळच्या निळ्या पावलांवर माझं नाव होतं, हिरव्यांवर कलावतीचं. यंत्राचा काडीचाही गोंधळ उडाला नव्हता.

मी म्हणालो, "हो. मीच गेलो होतो. नळ माझ्याकडून राहिला. माफी मागतो, रजनीताईंची पण आणि कंपनीची पण."

कलावतीने माझ्याकडे वळून बघितलं. तो चेहरा मला आयुष्यभर पुरेल. "तुम्ही?"

बागवान पडद्याकडे वळले. पुढचं पान उघडलं. एक रेघ होती, दोन वर्षं सपाट चाललेली, आणि शेवटच्या वीस दिवसांत खाली कोसळलेली.

"काका, ही तुमची चाल आहे. दोन वर्षं एकसारखी. गेल्या वीस दिवसांत पावलं आखूड झाली, डावा पाय ओढायला लागला, मध्येच थांबायला लागलात. इतक्या वेगाने घसरण आम्ही क्वचित बघतो. आणि दुसऱ्याच्या घरात जाऊन नळ उघडणं... तुम्हाला लाल वर्गात घ्यावं लागतंय. मला फार वाईट वाटतं."

काय झालं ते कळायला मला दोन क्षण लागले. "अहो, ती माझी चाल नाही! मी तिच्यासारखा चालत होतो, मुद्दाम! बघा, आता चालून दाखवतो." मी उठून त्या खोलीत सरळ चालायला लागलो, टाचा आपटत. कुणी हललं नाही.

"आजींच्या चालीत दोन वर्षांत काही बदल नाही," बागवान हळू म्हणाले. "त्या एकदाच वर गेल्यात, आणि त्या वेळी तुम्हीही तिथे होतात. तुम्हाला सांभाळायला गेल्या असतील."

तिच्या चालीत बदल नाही! कसा असणार? धागा घातला तेव्हाच ती पाय ओढत होती. यंत्राला घसरलेलं माणूस दिसत नव्हतं, घसरताना दिसलं तरच दिसत होतं. मी ओरडून तेच सांगितलं. सगळं सांगितलं. दोन वाजता तिला काय होतं ते, पिठाचा डबा, कळशी, सगळं. जी गोष्ट मी दोन वर्षं दातांखाली धरली ती चारचौघांत ओकून टाकली, कारण आता ती एकटी मागे राहणार होती. तिला नेणं परवडलं, असं पहिल्यांदा मला वाटलं.

"तिला विचारा, आज वार कुठला!"

"आज बुधवार," कलावती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ. "एकोणीस तारीख. कार्तिक वद्य पंचमी. अजून काय सांगू साहेबांना? तुमची जन्मतारीख सांगू?"

"दुपारी विचारा! दुपारी अडीचला विचारा!"

बागवानांनी डोळे मिटले. "काका, आपलं विसरणं जोडीदारावर ढकलतात, हे आमच्या यादीतलं लक्षण आहे. तुम्ही मुद्दाम करत नाही, मला माहीत आहे."

मी रजनीकडे बघितलं. ती खुर्चीतून अर्धी उठली, तोंड उघडलं. "साहेब, काका म्हणतात ते..."

"तुम्हाला आधीपासून काही माहीत होतं का?" बागवानांनी विचारलं. लिहायची पाटी पुढे ओढली.

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते. मग ती खाली बसली. मी तिला दोष देत नाही. मीच तिला न सांगता अडकवलं होतं.

आठ दिवसांत मी सोसायटीच्या प्रत्येक दारावर गेलो. सगळ्यांनी पाणी दिलं, बसायला दिलं, पाठीवरून हात फिरवला. वाण्याचा मुलगा म्हणाला, "आजोबा, आजी किती हुशार आहेत, नशीब तुमचं." गॅसची नळी मी कापून टाकली, तर त्याचीही नोंद झाली माझ्या नावावर. कंपनीने दुसऱ्या दिवशी नवी नळी बसवून दिली.

गाडी काल आली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मी मुद्दाम दुपारची वेळ मागून घेतली होती. वाटलं, नेणारी माणसं तरी बघतील, तिच्याशी दोन शब्द बोलतील, ओळखतील.

कलावती झोपून उठली होती. तिने माझी पिशवी भरली होती. कपड्यांच्या घड्या नीट, चष्मा, तेलाची बाटली. पांढऱ्या गणवेशातल्या माणसाने तिला सही करायला सांगितली, तिने केली, झोकदार.

"आजी, तुम्ही एकट्या राहाल ना?" त्याने विचारलं.

"न राहायला काय झालं?" ती म्हणाली.

माझा शर्ट तिने खांद्यावर सारखा केला. सुनावणीपासून ती माझ्यावर चिडली नव्हती. आजारी माणसावर काय चिडायचं, असं शेजारणींना सांगायची. मला गाडीपर्यंत सोडायला ती जिना उतरली, माझा हात धरून, डावा पाय ओढत. मी तिच्या बोटांना घट्ट धरून राहिलो. गणवेशवाल्याने ती एकेक करून सोडवली.

"कलावती," मी म्हणालो, "दुपारी झोपू नकोस. ऐकतेस का? झोपू नकोस."

"बरं बरं," ती लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली. दार बंद झालं. अर्ध्या उघड्या काचेपाशी येऊन, वाकून, तिने मला हळूच सांगितलं, "तुम्ही निवांत जा. गल्लीची चावी नीट फिरवा. घरचं पाणी मी बघते."

मी गणवेशवाल्याच्या दंडाला धरून हलवलं. "ऐकलंत? ऐकलंत ती काय म्हणाली?"

त्याने मान हलवली, मला समजुतीने बसवलं आणि पट्टा आवळला.

"ऐकलं, आजोबा," तो म्हणाला. "किती काळजी करतात तुमची."